मुलांच्या हाडातील बिनाईन गाठ: एक्स-रे रिपोर्ट मोबाईलवर आला, आता पुढे काय?

लहान भाऊ खेळताना पडतो, गुडघ्याचा एक्स-रे काढतात. फ्रॅक्चर नसतं, पण रिपोर्टच्या पीडीएफमध्ये 'बिनाईन बोन लिजन' असे शब्द दिसतात. घरात इंग्रजी रिपोर्ट वाचून गूगल करायचं काम बहुतेक वेळा आपल्याकडेच येतं. सर्च केलं की लगेच कॅन्सरची पानं उघडतात आणि सगळं घर घाबरतं.

या लेखात मी सांगणार आहे की या गाठी कोणत्या असतात, त्यांच्यावर कोणती टेक्नॉलॉजी वापरतात आणि आपला मोबाईल इथे नेमका कुठे उपयोगी पडतो. मी डॉक्टर नाही. त्यामुळे हा लेख समजून घेण्यासाठी आहे, निदान करण्यासाठी नाही.

बिनाईन म्हणजे काय?

बिनाईन म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. मुलांमध्ये अशा गाठी बऱ्याच आढळतात आणि अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये योगायोगाने सापडतात. पण 'बिनाईन' हे एका आजाराचं नाव नाही. प्रत्येक प्रकाराचा उपचार वेगळा असतो.

नेहमी दिसणारे चार प्रकार

1. नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा: बहुतेक वेळा गुडघ्याजवळच्या हाडात असतो. दुखत नाही. मूल मोठं होताना तिथे हळूहळू हाड भरतं. सहसा उपचार लागत नाही. फार मोठा असेल तर हाड मोडण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर त्याचा आकार पाहतात.

2. ऑस्टिओकॉन्ड्रोमा: हाडावर आलेला उंचवटा, वर कूर्चेची टोपी. मुलाची उंची वाढते तसा हाही वाढतो आणि उंची थांबली की थांबतो. नस दाबली जात असेल, दुखत असेल किंवा हाड वाकडं होत असेल तर ऑपरेशन करतात. उंची थांबल्यावरही तो वाढू लागला तर लगेच तपासणी हवी.

3. सिंपल बोन सिस्ट: हाडात पाण्याने भरलेली पोकळी, बहुतेक वेळा खांद्याजवळ किंवा मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात. हाडाची भिंत पातळ झाल्याने साध्या धक्क्यानेही फ्रॅक्चर होऊ शकतं. कधी नुसतं लक्ष ठेवतात, कधी पोकळीत इंजेक्शन देतात, कधी ती खरवडून आत हाडाचा भराव टाकतात.

4. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा: आकाराने छोटा, साधारण दीड सेंटीमीटरच्या आत, पण त्रास मोठा. रात्री खूप दुखतं आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळीने आराम पडतो. मात्र मुलांना मनाने गोळ्या देऊ नका, ॲस्पिरिन तर नाहीच.

सुईने गाठ जाळणारी टेक्नॉलॉजी

ऑस्टिऑइड ऑस्टिओमासाठी पूर्वी हाडाचा तुकडा कापून काढावा लागायचा. 1992 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नवी पद्धत मांडली: रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन. मुलाला भूल देतात, सीटी स्कॅनमध्ये पाहत एक सुई गाठीच्या मध्यापर्यंत नेतात आणि वेगाने दिशा बदलणारा करंट सोडतात. त्यामुळे सुईच्या टोकाभोवतीचे आयन थरथरतात आणि तिथलं तापमान साधारण 90 अंश सेल्सिअसपर्यंत जातं. काही मिनिटांत गाठ जळते. कापाकापी नसल्याने मूल लवकर चालायला लागतं.

'लक्ष ठेवूया' हाही उपचारच आहे

"सहा महिन्यांनी परत एक्स-रे काढा" असं डॉक्टर म्हणाले की घरच्यांना वाटतं, काहीच केलं नाही. तसं नाही. गाठ तेवढीच आहे, भरतेय की वाढतेय, हे जुन्या आणि नव्या इमेजची तुलना केल्यावरच कळतं. जुनी इमेज हरवली तर ही तुलना होत नाही. आपला मोबाईल कामाला येतो तो इथेच.

- मूळ फाईल मागा. एक्स-रे, सीटी, एमआरआय यांची मूळ फाईल 'डायकॉम' प्रकारची असते. त्यात करड्या रंगाच्या हजारो छटा असतात, तर साध्या जेपीजी फोटोत फक्त 256. सेंटरमधून सीडी, पेनड्राईव्ह किंवा लिंक घ्या.
- फिल्मचा फोटो पुरेसा नाही. खिडकीसमोर धरून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर आणखी कॉम्प्रेस होतो. गाठीची कड स्पष्ट आहे की पुसट, हे डॉक्टरांना पाहायचं असतं आणि नेमकं तेच अशा फोटोत हरवतं. फाईल पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
- नाव नीट द्या. तारीख, अवयव, डावा की उजवा असं लिहून एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि बॅकअप घ्या.
- रिमाइंडर लावा. पुढच्या तपासणीची तारीख आईबाबांच्या फोनमध्येही टाका.
- एआय चॅटबॉटकडून निदान नको. रिपोर्टमधल्या शब्दाचा अर्थ विचारा, पण निर्णय हाडांच्या डॉक्टरांचा. अपलोड करण्याआधी मुलाचं नाव आणि नंबर झाकायला विसरू नका.

थांबू नका अशी लक्षणं

आराम करतानाही दुखणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं, वाढत जाणारी सूज, कारण नसताना लंगडणं, ताप किंवा वजन कमी होणं. यातलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. निदान होण्याआधी सुजेवर मालिश करू नका. आतलं हाड कमजोर असेल तर ते मोडू शकतं. आणि क्वचित ती गाठ कॅन्सरची निघाली, तर मालिशमध्ये गेलेले आठवडे फार महागात पडतात.

डॉक्टरांकडे जाताना तीन प्रश्न फोनच्या नोट्समध्ये लिहून न्या: गाठीचं नाव काय? हाड मोडण्याचा धोका किती? खेळायला परवानगी आहे का? ही तीन उत्तरं मिळाली की गूगलवरची निम्मी भीती कमी होते. तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी असा रिपोर्ट आला असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.