मोटार-कसोट्या, पश्चिम भारतातील

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई इलाख्यात आणि लगतच्या संस्थानांत सार्वजनिक रस्त्यांवर घेतल्या गेलेल्या लांब पल्ल्याच्या मोटार-स्पर्धा. त्यांत वेगाला दुय्यम स्थान असे. ठरलेले अंतर ठरलेल्या दिवसांत, बिघाड न होता, शक्यतो एकदाही न थांबता पार करणारी गाडी श्रेष्ठ ठरे. भारतातील मोटार-क्रीडेचा आरंभ या कसोट्यांपासून धरावा लागतो. धावपट्ट्यांवरच्या आणि बंदिस्त मार्गांवरच्या शर्यती पुष्कळ नंतरच्या.

पार्श्वभूमी : स्पर्धेची कल्पना फ्रान्समधली. २२ जुलै १८९४ रोजी पॅरिस ते रुआँ या १२६ किमी. मार्गावर पहिली मोठी मोटार-स्पर्धा झाली. द दिआँ यांची वाफेची गाडी सर्वांत आधी पोहोचली, तरी पहिले बक्षीस प्यूजो आणि पानार या पेट्रोलच्या गाड्यांना विभागून मिळाले, कारण सोपी, सुरक्षित आणि चालवायला स्वस्त गाडी परीक्षकांना हवी होती. पुढच्याच वर्षी एमिल लव्हासॉर यांनी पॅरिस–बोर्दो–पॅरिस हे १,१७८ किमी. अंतर ४८ तास ४८ मिनिटांत तोडले आणि कल वेगाकडे झुकला. मे १९०३ च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत मार्सेल रेनो यांच्यासह अनेकांचा जीव गेला. ती शर्यत बोर्दोलाच थांबवावी लागली आणि गावोगावच्या खुल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या मोठ्या शर्यतींचे युग तिथेच ओसरले. ब्रिटनमध्ये तर सार्वजनिक रस्त्यावर वेगाला कायद्याचे बंधन होते. तिथल्या मोटारप्रेमींनी त्यामुळे आधीपासूनच कसोटीचा मार्ग धरला होता. १९०० मधील हजार मैलांची कसोटी हा त्याचा नमुना. मुंबईत पोहोचली ती हीच ब्रिटिश पद्धत.

मुंबईतील आरंभ : मुंबईत मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. मोटार बाळगणाऱ्या पहिल्या भारतीयांत जमशेटजी टाटा यांचे नाव घेतले जाते. थोड्याच वर्षांत मोटार युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया ही संघटना उभी राहिली आणि तिने १९०४ च्या अखेरीस दिल्ली ते मुंबई अशी सु. ९०० मैलांची कसोटी घेतली. पेट्रोलचे पंप नव्हते. इंधन डब्यांतून आधीच मुक्कामांवर पोहोचवावे लागे. गाडी अडली तर भाग बनवून देईल असा कारखाना वाटेत भेटण्याची आशा नव्हती. अशा मार्गावर गाडी नेणे हीच मोठी गोष्ट होती, आणि विक्रेत्यांनाही तेच हवे होते : युरोपातल्या सडकांवर धावणारी गाडी हिंदुस्थानात टिकते, हे गिऱ्हाइकाला दाखवायचे होते. संस्थानिक हे त्या काळी मोटारींचे मोठे गिऱ्हाईक असल्याने त्यांच्या राजधान्या कसोट्यांच्या नकाशावर येणे स्वाभाविक होते.

नियमांचा गाभा : अशा कसोट्यांत साधारणपणे गाडीबरोबर एक निरीक्षक बसे आणि प्रत्येक थांब्याची नोंद ठेवी. रेल्वे-फाटक, जनावरे, ठरलेला मुक्काम यांमुळे झालेला थांबा माफ असे. यंत्र बिघडल्याने झालेला थांबा, म्हणजे ‘अनैच्छिक थांबा’, गुण कापून नेई. चढावर प्रवाशांना उतरावे लागले का, पाणी किती वेळा भरले, इंधन किती लागले, हेही पाहिले जाई.

रस्ता आणि घाट : या कसोट्यांचा खरा प्रतिस्पर्धी सह्याद्री होता. मुंबईहून पुण्याकडे जाणारा बोरघाट गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, चाकांच्या वाहनांना खुला झाला होता. पुण्यापुढे कात्रज, शिरवळपुढे खंबाटकी. हे घाट बैलगाडीच्या चालीने आखलेले. खडी-मुरमाचा पृष्ठभाग बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी चिरडून त्याची पीठासारखी धूळ झालेली असे, आणि त्या धुळीत बैलांच्या पायांतून निसटलेले पत्रीचे खिळे दडलेले असत. पंक्चर हा रोजचाच प्रकार. टायर रिंगवरून काढणे आणि बसवणे हे दोघांच्या ताकदीचे काम होते.

चढावर आणखी अडचणी उभ्या राहत. पुष्कळ गाड्यांत पाणी पंपाशिवाय, केवळ गरम-थंडाच्या फरकाने फिरे; लांब चढाला ते उकळू लागे. पेट्रोल टाकीतून उताराने कार्ब्युरेटरकडे येत असेल तर तीव्र चढावर त्याचा प्रवाह मंदावे. उतार त्याहून कठीण. ब्रेक फक्त मागच्या चाकांना किंवा गिअरपेटीमागच्या दांड्याला असत आणि सतत दाबले की तापून निकामी होत. गाडी मागे घसरू नये म्हणून काही गाड्यांच्या पोटाखाली टोकदार टेकू असे. तो खाली सोडला की जमिनीत रुतायचा. घाटात वेगाचा आकडा काढण्यात अर्थ नव्हता. खालच्या गिअरमध्ये तास-दीड तास एकसारखे चालत राहणारे एंजिन हीच तिथली कर्तबगारी होती, आणि माझ्या मते ती पॅरिस–बोर्दोच्या सपाट रस्त्यावरच्या पराक्रमापेक्षा कमी मोलाची नाही.

मुंबई–कोल्हापूर कसोटी, १९०८ : या परंपरेतील सर्वांत गाजलेला प्रसंग. फ्रँक नॉर्बरी यांनी या कसोटीत उतरवलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही रोल्स-रॉइस ४०/५० अश्वशक्तीची गाडी सहा उंच घाट ओलांडत ६२० मैल बिघाडाशिवाय धावली आणि विजयी ठरली. हे मॉडेल त्या वेळी अगदी नवे होते : सहा सिलिंडर, ७ लिटरहून किंचित मोठे एंजिन. १९०७ मध्ये याच जातीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ गाडीने ब्रिटनमध्ये सु. १५,००० मैलांची प्रदीर्घ कसोटी पार करून नाव मिळवले होते. सह्याद्रीच्या घाटांतील यशाने हिंदुस्थानच्या बाजारपेठेत त्या नावाला बळ मिळाले. कोल्हापुरात तेव्हा शाहू छत्रपतींची कारकीर्द चालू होती. कसोटीनंतर ही गाडी ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. मूळ कण्हेरखेडच्या या घराण्यातील माधवरावांना यंत्रांचे वेड होते. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर फिरणारी चांदीची छोटी आगगाडी आजही त्याची साक्ष देते. घाटात पारखून निघालेली गाडी अशा माणसाच्या हाती जावी, हे योग्यच झाले.

या कसोट्यांच्या कथनांत गाडीचे नाव, मालकाचे नाव, संस्थानिकाचे नाव ठळकपणे येते. बॉनेट उघडून हात भाजून घेणारा मिस्त्री, रात्री मुक्कामावर कार्बाइडचे दिवे साफ करणारा क्लीनर, पुढच्या टप्प्यावर पेट्रोलचे डबे घेऊन गेलेला गाडीवान यांची नावे त्यांत येत नाहीत. या इतिहासातील हा अन्याय दूर करायचा तर संस्थानी दप्तरे, मोटारखान्यांची पगारपत्रके आणि जुन्या गॅरेजांच्या वह्या वाचाव्या लागतील.

नंतरचा काळ : १९१९ मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन स्थापन झाली. रस्ते सुधारले, गाड्या भरवशाच्या झाल्या आणि कसोटीतील थरार कमी झाला. स्वातंत्र्यानंतर शर्यती धावपट्ट्यांवर गेल्या : मुंबईत जुहू, कोलकात्याजवळ बराकपूर आणि चेन्नईजवळ दुसऱ्या महायुद्धातील शोलावरमची धावपट्टी. लांब पल्ल्याची जुनी परंपरा मात्र एकदा जगाच्या पातळीवर मुंबईत अवतरली. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून ९८ गाड्या सिडनीसाठी निघाल्या. काबूल, दिल्ली करत त्यांतील ७२ मुंबईला पोहोचल्या आणि इथून ‘चुसान’ जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईपर्यंत रॉजर क्लार्क आघाडीवर होते. अंतिम विजय अँड्र्यू कावन यांच्या हिलमन हंटर गाडीचा झाला. १९०४ मध्ये कसोटी ठरलेला दिल्ली–मुंबई हा टप्पा या स्पर्धेत लंडन–मुंबई या हजारो मैलांच्या मार्गाचे शेवटचे टोक होता.

जतन : जुन्या मोटारी चालत्या ठेवण्याची चळवळही ब्रिटनमध्ये रुजली. १८९६ च्या लंडन–ब्रायटन प्रवासाच्या स्मरणार्थ १९२७ पासून १९०५ पूर्वीच्या गाड्या त्याच मार्गावर धावतात. १९३४ मध्ये स्थापन झालेला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३० पर्यंतच्या गाड्यांच्या प्रत्यक्ष शर्यती घेतो. भारतात स्टेट्समन वृत्तपत्राने १९६४ मध्ये दिल्लीत आणि १९६८ मध्ये कोलकात्यात जुन्या गाड्यांची रॅली सुरू केली. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने हे काम उचलले. प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळ कठवाडा येथे उभारलेला संग्रह हा एका माणसाच्या ध्यासाचा विलक्षण पुरावा आहे. संस्थाने विलीन झाल्यावर राजवाड्यांतील अनेक उत्तम गाड्या परदेशी गेल्या. १९७० च्या दशकात निर्यातीवर बंदी आली तेव्हा बरेच नुकसान होऊन गेले होते.

आपल्याकडच्या मेळाव्यांत चकाकी, रंग आणि मालकाचा पोशाख यांना अजूनही फार महत्त्व मिळते. मूळ एंजिन, मूळ सांगाडा, जुन्या दुरुस्तीच्या खुणा आणि घाट चढण्याची क्षमता यांची पारख त्यामानाने कमी होते. कसोटीत नाव कमावलेल्या यंत्राचे मोल ते धावताना कळते. त्यासाठी बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतणारा, मॅग्नेटो गुंडाळून देणारा, रेडिएटरची जाळी नव्याने विणणारा कारागीर लागतो, आणि असे हात झपाट्याने कमी होत आहेत.

छत्तीसगड आणि भिलाई : जतनाचा हा प्रश्न भिलाईलाही लागू होतो. कोल्हापूर कसोटीच्या वर्षी, १९०८ मध्ये, भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातले खेडे होते, जिल्हाच मुळी १९०६ मध्ये निर्माण झाला होता आणि राज्यकारभार नागपूरहून चाले. नागपूर–रायपूर रस्ता, म्हणजे आजचा जी. ई. रोड, इथूनच जात होता. १९५५ च्या भारत–सोव्हिएत करारानंतर पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नागपूर-विदर्भाकडून आलेल्या मराठी कुटुंबांसह देशभरचे तंत्रज्ञ इथल्या सेक्टरांत राहू लागले. त्यांच्या पिढीच्या अँबेसेडर, फियाट ११००, बुलेट, लँब्रेटा या गाड्या आता इतिहासाच्या कक्षेत आल्या आहेत. फियाट आणि अँबेसेडर तर शोलावरमच्या शर्यतींतही धावल्या.

केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या, सांगाडा, बॉडी आणि एंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकी खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, म्हणून छत्तीसगडात क्रमांक ‘सीजी व्हीए’ असा सुरू होतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये. नोंदणी १० वर्षे टिकते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. भिलाईत ओतकाम, लेथ आणि फिटिंग यांचे कसब असलेली निवृत्त माणसे सेक्टरोसेक्टरी आहेत. पन्नास वर्षांपूर्वी नोंदलेली गाडी ज्यांच्या आवारात उभी आहे, त्यांनी मूळ नोंदणीपुस्तक आणि मूळ एंजिन जपावे : नवे एंजिन बसवले की हा दर्जा हातचा जातो.