१२ ऑक्टोबर २०२०: मुंबईचा अंधार आणि पडघ्याच्या तारा

१/
वज्रेश्वरी म्हटले की चिमाजी अप्पांचा नवस, वसईची मोहीम आणि तानसा नदीकाठची उन्हाळी कुंडे आठवतात. याच भिवंडी तालुक्यात, वज्रेश्वरीच्या आग्नेयेस, मुंबई-नाशिक महामार्गावर पडघा हे गाव आहे. २०२० साली मुंबई अंधारली, तेव्हा या गावाचे नाव देशभर गाजले. त्या दिवसाचा आणि त्यामागच्या शंभर वर्षांचा हा इतिहास. #थ्रेड

२/
सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातील वीज एकाएकी गेली. करोनाच्या निर्बंधांमुळे लोकलमध्ये केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी होते. त्या गाड्या रुळांवरच थांबल्या. रुग्णालये जनरेटरवर आली, ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. शेअर बाजाराचे व्यवहार मात्र पर्यायी वीजव्यवस्थेमुळे सुरू राहिले. काही भागांत वीज दोन-तीन तासांत परतली, तर काही उपनगरांना रात्रीपर्यंत वाट पाहावी लागली.

३/
दिवे परतण्याआधीच मते तयार झाली होती. त्याच वर्षी जूनमध्ये गलवान खोऱ्यात भारत-चीन संघर्ष झाला होता. त्यामुळे ‘हे चिनी हॅकरांचे काम’ असे अनेकांनी ठरवून टाकले. दुसरा पक्ष म्हणे, ‘हा तर नेहमीचा सरकारी ढिसाळपणा.’ दोन्ही मते आजही तितक्याच ठामपणे मांडली जातात. त्यांचा निवाडा करायचा, तर मुंबईला वीज येते कोठून, येथून आरंभ करावा लागतो.

४/
मुंबईची वीज आरंभापासूनच मोठ्या प्रमाणावर बाहेरून आलेली आहे. जमशेटजी टाटांची कल्पना त्यांच्या निधनानंतर साकार झाली आणि १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे सुरू झाली. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी घाट उतरे आणि मुंबईतील यंत्रे फिरवी.

५/
शहर वाढले तशी भूकही वाढली. १९५६ मध्ये तुर्भ्याचे, म्हणजे ट्रॉम्बेचे, औष्णिक केंद्र सुरू झाले आणि १९९० च्या दशकात डहाणूच्या केंद्राची भर पडली. तरीही या सर्वांची मिळून क्षमता दोन हजार मेगावॅटच्या आतच राहिली, आणि शहराची कमाल मागणी मात्र साडेतीन हजारांच्या घरात पोहोचली. दाट वस्तीच्या शहरात नवे कोळसा केंद्र उभारणे अवघड होते. तूट राज्याच्या ग्रिडमधून भरून निघू लागली.

६/
पडघ्याचे महत्त्व येथे वाढते. विदर्भात कोळसा आणि वीजकेंद्रे, तर मागणी कोकणपट्टीत. १९९० च्या दशकाअखेरीस चंद्रपूर ते पडघा अशी ७५२ किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॅट क्षमतेची उच्चदाब एकदिश वाहिनी कार्यान्वित झाली. पडघ्याला त्या एकदिश विजेचे प्रत्यावर्ती विजेत रूपांतर होते. तेथून ४०० केव्हीच्या वाहिन्या कळव्याला जातात आणि कळव्याहून वीज मुंबईत शिरते. भिवंडी तालुका अशा रीतीने मुंबईच्या विजेचे एक महाद्वार झाला.

७/
बाहेरच्या विजेवर विसंबण्यातला धोका जाणकारांना ठाऊक होता. त्यासाठी १९८१ पासून मुंबईत ‘आयलँडिंग’ची योजना होती. बाहेरचे ग्रिड कोसळू लागले, की मुंबईची यंत्रणा त्यापासून आपोआप तुटून विजेचे एक बेट बने. काही भागांचा पुरवठा तोडून मागणी घटवायची आणि घरच्या केंद्रांच्या जोरावर उरलेले शहर चालू ठेवायचे, ही तिची रीत. या व्यवस्थेचा मुंबईला अभिमान होता.

८/
१२ ऑक्टोबरच्या सकाळचा, चौकशीतून पुढे आलेला क्रम असा: पहाटे पडघा-कळवा मार्गावरील एक वाहिनी ट्रिप झाली. सातच्या सुमारास त्याच मार्गावरील दुसरी वाहिनी, ठिणग्या उडत असल्याचे आढळल्याने, बंद करण्यात आली. मुंबईकडे येणारा भार उरलेल्या वाहिन्यांवर पडला. सकाळी चढत्या मागणीच्या वेळी पुणे-खारघर वाहिनीही ट्रिप झाली आणि पाठोपाठ साखळी तुटत गेली. सुमारे २,२०० मेगावॅटचा पुरवठा खंडित झाला.

९/
आता बेटाची कसोटी होती. ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास ठेवण्यासाठी निर्मिती आणि मागणी यांचा मेळ क्षणाक्षणाला बसावा लागतो. तो मेळ बिघडला, तर आपली यंत्रे वाचवण्यासाठी वीजकेंद्रे स्वतःच बंद पडतात. त्या दिवशी घरची निर्मिती अपुरी ठरली आणि भार पुरेसा व वेळेत कमी झाला नाही. बेट तगले नाही.

१०/
दोनच दिवसांत तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी घातपाताची शक्यता नाकारता येत नसल्याचे म्हटले. राज्य, केंद्र आणि वीज नियामक आयोग या तिन्ही स्तरांवर चौकशा सुरू झाल्या.

११/
२८ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रकरणाला वेगळे वळण लागले. ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने, चीनशी संबंधित ‘रेडएको’ नावाच्या गटाने भारतातील दहा वीजसंस्थांना लक्ष्य केल्याचा अहवाल दिला. देशातील पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रे त्यांत होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वृत्ताने हा अहवाल आणि मुंबईचा अंधार एकत्र आणले. मात्र या दोहोंतील संबंध सिद्ध झालेला नाही, असे खुद्द अहवालातच नमूद होते.

१२/
दुसऱ्याच दिवशी, १ मार्चला, तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरचा प्राथमिक अहवाल जाहीर केला. वीजयंत्रणेत १४ ‘ट्रोजन हॉर्स’ आणि बाहेरून आलेला ८ जीबी बेहिशेबी डेटा आढळल्याचे सांगण्यात आले. २ मार्चला केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी याला छेद दिला: उत्तर आणि दक्षिणेतील भार प्रेषण केंद्रांवर सायबर हल्ले झाले, पण मुंबईचा अंधार मानवी चुकीमुळे झाला. चीननेही आरोप फेटाळला.

१३/
मग खरे काय? येथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. पहिला: वीजसंस्थांच्या संगणकजाळ्यांत घुसखोरीचे प्रयत्न झाले का? होय, हे केंद्र सरकारनेही मान्य केले. दुसरा: त्या घुसखोरीने मुंबईची वीज घालवली का? याचा पुरावा सार्वजनिकरीत्या पुढे आलेला नाही. घरात चोराच्या पाऊलखुणा सापडल्या, म्हणून त्याच रात्री पडलेली भिंत त्यानेच पाडली, असे सिद्ध होत नाही.

१४/
असा पुरावा कसा असतो, ते युक्रेनने दाखवले. २३ डिसेंबर २०१५ रोजी तेथील तीन वीजवितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत हॅकरांनी दुरून ताबा मिळवला. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माऊस आपोआप फिरू लागला आणि एकामागून एक ब्रेकर उघडत गेले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. अखेर कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हातांनी ब्रेकर जोडले, तेव्हा काही तासांत वीज परतली. तेथे दिलेली आज्ञा आणि उघडलेला ब्रेकर यांची सांगड घालता आली. मुंबईबाबत तशी सांगड पुढे आलेली नाही.

१५/
म्हणून घुसखोरी क्षुल्लक ठरत नाही. आज भार प्रेषणाचे जवळपास सारे निर्णय संगणकाच्या पडद्यावरून होतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. वीजयंत्रणा चालवणारी जाळी इंटरनेटपासून वेगळी राखणे आणि उपकरणे विश्वासार्ह पुरवठादारांकडूनच घेणे, ही त्यांतील महत्त्वाची सूत्रे होत.

१६/
दुसरा उपाय तारांचा होता. २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी कार्यान्वित झाली. कुडूस ते आरे अशी १,००० मेगावॅटची उच्चदाब एकदिश वाहिनीही हाती घेण्यात आली. भिवंडी-वाडा रस्त्याने येणारे वज्रेश्वरीचे भाविक अंबाडीला वळतात. न वळता त्याच रस्त्याने पुढे गेले, की कुडूस लागते. मुंबईचे आणखी एक वीजद्वार याच परिसरात आले आहे.

१७/
‘चीनने केले’ या मताला शत्रू सापडतो आणि ‘ढिसाळपणा’ या मताला दोषी सापडतो. पण मागणी आणि घरची निर्मिती यांतील अंतर काही दशके वाढत होते, नव्या वाहिन्या रखडत होत्या आणि बेटाची योजना जुन्या मापांची होती. हे सारे त्या सकाळच्या फार आधी घडून गेले होते. म्हणून ठिणगी कोणाची, हा प्रश्न विचारताना त्या सकाळी मुंबईकडे येणाऱ्या किती तारा शाबूत होत्या, हेही विचारावे लागते.