निम्मे घर टोचले, निम्मे नाही

1896 च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि मुंबईतून माणसांचे लोंढे बाहेर पडू लागले. त्यानंतर काय झाले ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या, 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. प्लेग म्हटले की घरात घुसणारे सोजीर आणि चाफेकर बंधू आठवतात. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगात एक हिशेब मांडला जात होता, त्याची मात्र फारशी आठवण निघत नाही. औषध खरोखर लागू पडते की आपल्याला तसे वाटते, हे ठरवण्याच्या शास्त्राचा आपल्याकडचा एक धागा त्या हिशेबापर्यंत जातो.

हिशेब मांडणारा माणूस ओडेसाचा. वाल्देमार हाफकिन पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत शिकला, पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आला आणि कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये ती टोचत हिंडला. ऑक्टोबर 1896 मध्ये सरकारने त्याला मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला प्रयोगशाळा म्हणून मिळाली एक खोली आणि एक ओसरी, आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. मांसाच्या रसात त्याने प्लेगचे जंतू वाढवले. त्या रसावर तो तुपाचे थेंब सोडी. थेंबांना धरून जंतूंचे धागे खाली लोंबत, भांडे हलवले की गळून पडत आणि पुन्हा नवे धरत. पुरेसे पीक आले की तापवून जंतू मारायचे, झाली लस. प्लेगवरच्या पहिल्या लशीला साजूक तुपाचा आधार लागला, ही गोष्ट कुठल्याही आजीला पटेल!

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिनने ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले, मग सगळे उतरले. लस माणसाला मारत नाही एवढे कळले. पण वाचवते का?

जानेवारीच्या उत्तरार्धात प्लेग भायखळ्याच्या तुरुंगात शिरला. आठवडाभरात कैदी आजारी पडू लागले, मरू लागले. 30 जानेवारीला विचारणा झाली तेव्हा दीडशेहून अधिक कैदी पुढे आले आणि त्यांना लस टोचली. उरलेले पावणेदोनशेच्या आसपास न टोचलेले राहिले. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला, 6 मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, मेला एकही नाही.

तुरुंगात हा हिशेब सोपा होता. सगळ्यांना एकच छप्पर, एकच आमटी, तेच उंदीर. शिवाय बाहेर मुंबईत माणसे गावी पळत होती, आजारी माणसाला माळ्यावर लपवत होती, आणि इथे हजेरीपटावरचा एकही इसम नजरेआड होऊ शकत नव्हता. संशोधनातली एक जुनी डोकेदुखी म्हणजे मधेच निघून जाणारी माणसे. ती इथे कुलूप-किल्लीने सुटली होती. कैद्याची संमती कितपत खरी असते हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही, आज पहिला पडेल.

तरी हिशेबात दोन फटी होत्या. टोचल्याच्या दिवशीच संध्याकाळपर्यंत तिघांना गाठी दिसल्या आणि ते दगावले. हे तिघे आधीच बाधित होते, असे म्हणून ते तुलनेतून वगळले गेले. म्हणणे रास्त होते, कारण लस अंगी लागायला वेळ लागतो. पण घड्याळ कधी सुरू करायचे यावर निकाल झुकतो, आणि असे घड्याळ दोन्ही गटांसाठी एकाच क्षणी सुरू व्हायला हवे. दुसरी फट अधिक रुंद. पुढे आले ते कोण? धीट, धडधाकट, विचारी, की आधीच घाबरलेले? जे आपण होऊन टोचून घेतात ते न घेणाऱ्यांसारखे असतातच असे नाही. फरक लशीमुळे पडला की माणसांमुळे?

हे हाफकिनला उमजत होते, याचा पुरावा उंडेरा. बडोद्यापासून सहा मैलांवरचे हे हजारेक वस्तीचे गाव, सयाजीराव गायकवाडांच्या राज्यातले. 1898 च्या फेब्रुवारीत तिथे प्लेग होता. या वेळी कोण पुढे येतो याची वाट पाहिली नाही. गावाची यादी काढली, एकेक कुटुंब समोर बोलावले आणि प्रत्येक कुटुंबातले निम्मे टोचले, निम्मे सोडले. बाप्ये, बाया, पोरे, सशक्त, अशक्त, सगळे दोन्हीकडे सारखे पडतील असे बघून.

क्षणभर उंडेऱ्यातल्या एखाद्या ओट्यावर उभे राहून पाहावे. एका घरातले सहा जण. आज्याला टोचले, आजीला नाही. थोरल्या भावाला टोचले, धाकट्याला नाही. त्याच चुलीवर जेवायचे, त्याच जमिनीवर अंथरायचे. श्रीमंती-गरिबी, घराची ओल, उंदरांचा सुळसुळाट, दोघांच्या वाट्याला सारखे. तुलनेसाठी याहून जवळची माणसे मिळणे अवघड. आणि याहून निष्ठुर वाटणीही.

सुमारे सहा आठवड्यांनी घरोघर फिरून मोजणी झाली. प्लेग शिरलेली कुटुंबे निघाली 28. त्यांत टोचलेली माणसे 71 : रोगी 8, मृत्यू 3. न टोचलेली 64 : रोगी 27, मृत्यू 26. म्हणजे एकाच घरात राहून शंभरी चाळीस एका बाजूचे गेले आणि जेमतेम चार दुसऱ्या बाजूचे. एवढ्या मोठ्या फरकाला गणिताचा टेकू फारसा लागत नाही.

पण सगळे आकडे उंडेऱ्यासारखे नव्हते. गावोगावच्या टोचणीच्या तक्त्यांत कुठे लोकसंख्या अंदाजाने धरलेली, कुठे साथ ओसरताना टोचलेल्यांना साथ भरात असतानाच्या न टोचलेल्यांसमोर बसवलेले. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग कमिशनने लस उपयोगी आहे असे म्हटले, तरी असल्या आकडेवारीवर बोट ठेवायला ते विसरले नाही. पुढे 1902 साली पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिनवर आला, तो निर्दोष ठरेपर्यंत वर्षे गेली. त्यात आकडेशास्त्राचा संबंध नाही, पण त्याच्या मोजणीकडे पाहायला त्यानंतर कुणाला सवड उरली नाही हे खरे.

टोचणीचे आकडे पारखण्याचे काम लंडनमध्ये झाले. 1904 मध्ये आकडेशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने सैन्यातल्या विषमज्वराच्या टोचणीचे आकडे तपासले. त्यांत हिंदुस्थानातल्या पलटणींचेही होते. त्याला संबंध दिसला, पण विश्वास ठेवावा इतका घट्ट नाही. त्याची सूचना साधी होती : टोचून घ्यायला तयार असलेल्यांची यादी करा आणि एक सोडून एक टोचा. म्हणजे धीट माणसे दोन्हीकडे सारखी येतील. भायखळ्याच्या तुरुंगात नेमके हेच राहून गेले होते. 1915 मध्ये ग्रीनवुड आणि यूल यांनी विषमज्वर आणि पटकी या दोन्हींच्या टोचण्यांचे आकडे चाळून अटी मांडल्या : दोन्ही गटांतली माणसे सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखी हवीत, रोगाशी दोघांची गाठ सारखीच पडायला हवी आणि कोण टोचलेला हे ठरवताना कोण आजारी याचा वास लागता कामा नये. उंडेऱ्याचा ओटा यातल्या पहिल्या दोन अटींच्या बऱ्याच जवळ गेला होता.

यानंतरची मोठी कहाणी गडचिरोलीची. काळ सत्तरेक वर्षांनी पुढे सरकलेला. 1986 मध्ये डॉ. अभय आणि राणी बंग तिथे गेले आणि त्यांनी 'सर्च' उभारली. प्रश्न बदलला होता. लस लागू पडते का, याऐवजी विचारायचे होते की दवाखान्यापासून दूर, गावातल्या बाईच्या हातून नवजात बाळ वाचू शकते का. म्हणजे औषधाची नव्हे, सेवेची परीक्षा.

आणि इथे उंडेऱ्याची युक्ती चालत नाही. गोळी किंवा सुई एकाला देऊन दुसऱ्याला न देता येते. पण बाळाला गुंडाळून कसे ठेवावे, हे एका घराला शिकवले की शेजारीण ओसरीवरून ऐकतेच. तुलना अख्ख्या गावांची करावी लागते. म्हणून 39 गावांत आरोग्यदूत घरी जाऊन बाळ तपासू लागल्या आणि 47 गावांत तसे केले नाही. दोन्हीकडे जन्म-मृत्यूची मोजणी मात्र सारखीच कसून. 1995 च्या आधी सेवेच्या गावांत हजार जन्मांमागे 62 नवजात दगावत, 1997-98 मध्ये 25.5. तुलनेच्या गावांत आकडा साठच्या आसपासच राहिला. डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने हा लेख छापला.

गावे चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती, हा आक्षेप त्यावर घेता येतो. पण पिअर्सनच्या सूचनेनंतर नव्वद वर्षांनी गणितापेक्षा अवघड गोष्ट दुसरीच होती : बाळाची गणतीच होत नाही. पहिल्या दिवशी दगावलेल्या, नावही न ठेवलेल्या पोराची नोंद सरकारी पुस्तकात पुष्कळदा जातच नसे. 2001 साली 'कोवळी पानगळ' या अहवालात तेरा संस्थांनी हेच दाखवले : खरे बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त.

मोजण्याची अडचण उपचारातही होती, म्हणून तिथले साधनही साधे लागले. बाळाला न्यूमोनिया आहे का हे पाहण्यासाठी श्वास मोजावे लागतात, आणि दाईला पन्नास-साठपर्यंत मोजणे येतेच असे नाही. बंगांनी केलेल्या श्वासमापकात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असते आणि तारेवर मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर उपचार तिथेच सुरू. दाईच्या मांडीवर बाळ, हातात मणी आणि काचेतली वाळू खाली पडते आहे.