पीएम-ई-बस सेवा : लहान शहरांतील बसचा चालू खर्च
२००९ मध्ये जेएनएनयूआरएम अभियानातून शहरांना बसखरेदीसाठी निधी मिळाला. परंतु देखभालीस पैसा नसल्याने अनेक ठिकाणी त्या बस आगारांतच उभ्या राहिल्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर केलेल्या पीएम-ई-बस सेवा योजनेचा भर म्हणूनच संचालनावर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार किमान तीन लाख लोकसंख्येच्या शहरांत १०,००० विद्युत बस चालवण्याचे उद्दिष्ट असून, संघटित बससेवा नसलेल्या शहरांना प्राधान्य आहे. अंदाजित ५७,६१३ कोटी रुपयांपैकी केंद्राचा वाटा २०,००० कोटी. खासगी कंत्राटदारास धावलेल्या किलोमीटरमागे मोबदला मिळतो. केंद्राचे साहाय्य मात्र दहा वर्षांपुरतेच. तिकीटविक्रीतून न भागणारी तूट, जी लहान शहरांत बहुधा अटळच, राज्य व महापालिकेने सोसायची आहे.