पुसलेला चेहरा

1906 सालच्या सुरुवातीची थंडी. पॅरिसमधली मोंमार्त्रची टेकडी चढून तुम्ही रू रावीन्यांवरच्या बातो-लावुआरमध्ये शिरता. कुरकुरत्या फळ्यांची कळकट इमारत. सगळ्या बिऱ्हाडांत मिळून पाण्याचा नळ एकच.

आतल्या खोलीत शेगडी धगधगतेय. मोडक्या आरामखुर्चीत गर्ट्रूड स्टाइन बसलीय, 32 वर्षांची अमेरिकन लेखिका. तिचा वेळ जावा म्हणून पिकासोची प्रेयसी फर्नांद ऑलिव्हिए ला फोंतेनच्या गोष्टी मोठ्यानं वाचून दाखवतेय. आणि 24 वर्षांचा पाब्लो पिकासो साध्या खुर्चीच्या कडेवर, कॅनव्हासला जवळजवळ नाक लावून. पॅलेट इवलंसं, त्यावर नुसते तपकिरी-करडे रंग.

त्याच्या मागे उभे राहा. पुढे झुकलेला भरभक्कम देह, मांड्यांवर विसावलेले हात, गळ्याशी पांढरा स्कार्फ. हे सगळं जमलंय. अडलंय ते डोक्यापाशी. ऐंशी-नव्वद वेळा आपण अशा बसलो, असं गर्ट्रूड पुढे लिहिणार आहे. आकडा सढळ वाटतो, पण दमछाक खरी. एके दिवशी, वसंतात, पिकासो वैतागून म्हणतो की बघायला गेलं की तू दिसतच नाहीस, आणि सगळा चेहरा रंगानं पुसून टाकतो. तुम्हाला हळहळ वाटेल. त्याला थांबवू मात्र नका.

उन्हाळ्यात तो स्पेनमधल्या डोंगरातल्या गोसोल गावी जातो. डोक्यात लूव्रमध्ये पाहिलेली, स्पेनमधल्याच ओसूनाची दगडी डोकी आहेत, येशूच्याही आधीच्या आयबेरियन कारागिरांनी घडवलेली. परतल्यावर तो गर्ट्रूडला बोलावत नाही. ती समोर नसताना चेहरा रंगवतो.

आता जवळ जाऊन पाहा. पापण्या जड, दोन डोळे एकमेकांशी न जुळणारे, कपाळ आणि नाक छिन्नीनं काढल्यासारखं. चेहरा मुखवट्यासारखा डोक्यावर बसवलाय. कडेचा सांधा त्यानं झाकलेलाही नाही. देह पाहून काढलेला, चेहरा आठवून. मला विचाराल तर आधुनिक चित्रकला या स्कार्फच्या वर सुरू होते. कारण माणूस समोर बसवून जे हाती लागलं नाही, ते त्यानं दगडांकडून शिकून मिळवलं.

चित्र तिच्यासारखं दिसत नाही, ही तक्रार येतेच. ती होईल तशी, असं पिकासो म्हणाला म्हणे. गर्ट्रूडला मात्र ते मनापासून पटलंय. पैशाची गोष्टही न काढता तो ते तिला देऊन टाकतो, आणि 1946 मध्ये मरेपर्यंत ती ते सोडत नाही.

तुम्ही इतक्यात परतू नका. पुढच्या वर्षी याच इमारतीत तो एका प्रचंड कॅनव्हासवर पाच नग्न बायका उभ्या करणार आहे, आणि त्यांतल्या काहींचे डोळे तुम्ही लगेच ओळखाल.