पुस्तकाशी पहिली ओळख

“आमचा बाळ वाचायला कधी लागेल?” असे विचारणाऱ्या आया पुष्कळ भेटतात, पण छापलेला कागद बोलतो हे बाळाला कळले आहे का, असे विचारणारी विरळा. अक्षरओळखीच्या आधीची ही पायरी जुन्या घरांत कित्येकदा नकळत चढली जाई. आजोबा रुमाल सोडून पोथी काढीत, वाचून झालेले सुटे पान उलटून वर ठेवीत, आणि शेजारी बसलेले नातवंड ते पाहत असे. शिक्षणाच्या जगात मात्र या पायरीकडे लक्ष जाण्यास वेळ लागला. त्याची ही थोडक्यात हकीकत.

१९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले. काचकागदाची अक्षरे बोटांनी गिरवता गिरवता चार-पाच वर्षांची मुले लिहू लागली. परंतु पुस्तकांची त्यांना मुळीच ओढ नव्हती. एके दिवशी एक मूल चुरगळलेले पान घेऊन आले आणि यात गोष्ट आहे, असे सोबत्याला सांगू लागले. झाले! मुले पुस्तकांवर तुटून पडली, पाने फाडून नेऊ लागली. अक्षरे त्यांना आधीच येत होती. अक्षरांत गोष्ट असते हे त्या दिवशी उमगले.

ही बालशिक्षणाची दृष्टी आपल्याकडे रुजवली ती गिजुभाई बधेका यांनी. १९२० साली भावनगरला त्यांनी बालमंदिर काढले आणि धाकदपटशाऐवजी गोष्टीला मानाचे स्थान दिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली अनुताई वाघ यांच्यासह बोर्डीस बालवाडी सुरू केली. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसताच शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांत गेले. घरात पुस्तक नाही म्हणून मूल मागे राहू नये, हा त्यातला खरा धडा.

पुढे १९७२ साली न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी एक लहानशी परीक्षा प्रसिद्ध केली. मुलाच्या हाती पुस्तिका द्यायची आणि विचारायचे: वाचायला कुठून सुरुवात करू? मग कुठे जाऊ? पुस्तिकेत एखादे चित्र, एखादी ओळ मुद्दाम उलटी छापलेली. शाळेत नव्याने आलेल्या कित्येक मुलांना वाटे की, आपण वाचतो ते चित्रच!

तेव्हा भगिनींनो, गोष्ट वाचताना मूल जवळ घ्या. पुस्तक त्याच्याच हाती द्या, पान त्यालाच उलटू द्या. ओळीखालून डावीकडून उजवीकडे बोट फिरवा. ओळ संपली की बोट पुन्हा डावीकडे, खालच्या ओळीवर येते, हेही त्याला पाहू द्या. दोन शब्दांमधली मोकळी जागा दाखवा. पुस्तक नसेल तर लग्नपत्रिका, दिनदर्शिका, दुकानाची पाटीसुद्धा चालेल. वाचता न येणाऱ्या मातेने शेजारणीला हाक मारावी, आणि शेजारणीने आपल्या मुलाबरोबर तिचेही मूल बसवून घ्यावे. बोर्डीच्या अंगणात याहून निराळे काय घडले होते?