गाडीखालचा शिपाई

यवतच्या घरी, दारातल्या फरशीवर मी गाडीची चेन साफ करायला बसलो होतो. पावणेदोनशे किलोची मोटरसायकल आणि तिला डबल स्टँडच नाही. गाडी साइड स्टँडवर कललेली, मागचं चाक जमिनीला घट्ट. चेनचा वीतभर तुकडा रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा, उठायचं, गाडी थोडी पुढं ढकलायची, पुन्हा स्टँड, पुन्हा वीतभर. माझे चुलते, तात्या, ओट्यावर तंबाखू मळत हे बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "आरं, शिपाई लाव की तिला खालनं!"

मला वाटलं, ग्रामपंचायतीच्या शिपायाला हाक मारून गाडी धरायला लाव म्हणतायत.

तात्या गोठ्यात गेले आणि अडीच फुटी बाभळीचं लाकूड घेऊन आले. वरच्या टोकाला लोखंडी कडी, खालचं टोक मातीत रुतून रुतून गोल झालेलं. बैलगाडी विकून बरीच वर्षं झाली, हा तेवढा मागं राहिला होता. बैलगाडीला चाकं दोनच. बैल सोडले की जू खाली येतं आणि गाडी नाकावर पडते. ती पडू नये म्हणून दांडीखाली, जुवाजवळ, हे लाकूड उभं करायचं. गाडी निघाली की कडीवर फिरवून वर बांधून टाकायचं. त्याचं नाव शिपाई.

आमच्याकडं दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, ५ आणि ७ नंबरचे. भरती जवळ आली की पोरं पहाटे रस्त्याकडेनं पळताना दिसतात. पोलीस शिपायाला १६५ सेंटिमीटर उंची लागते, त्यामुळं उंचीत कमी पडलेले शिपाई मी बरेच पाहिलेत. जास्त भरलेला पहिलाच. तात्यांनी करवत घेतली, हातभर राखून बाकीचा उडवला. मग पुढच्या ब्रेकचा दांडा सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं मुठीला आवळला, म्हणजे गाडी घरंगळणार नाही. मला म्हणाले, सीटला धर आणि तुझ्याकडं ओढ. गाडी डावीकडं, साइड स्टँडवर आणखी कलली, मागचं चाक चार बोटं उचललं गेलं आणि त्याच क्षणी तात्यांनी उजव्या बाजूच्या मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटखाली शिपाई सारला. दोन चाकांची गाडी आता पुढचं चाक, साइड स्टँड आणि शिपाई अशा तीन पायांवर उभी. चेन डाव्या बाजूला, म्हणजे शिपाई आड येत नाही. बोटानं ढकललं तर मागचं चाक गरगर फिरलं.

चेन झाली, पण डोक्यात शिपाई बसला. त्या रात्री ‘जॅक’ या शब्दाच्या मागं लागलो आणि जे हाती लागलं त्यानं झोप गेली.

उचलण्याच्या यंत्रांचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे, तो एका दमात सांगतो: आर्किमिडीजची तरफ, पास्कलचा द्रवाचा नियम, १७९५ चं जोसेफ ब्रामाच्या दाबयंत्राचं पेटंट, १८५१ चा रिचर्ड डजनचा हायड्रॉलिक जॅक. यात माझ्या कामाचं काही नाही. कामाचं आहे ते नाव. जॅक हे इंग्रजांमधलं अगदी सामान्य, गण्या-गंप्यासारखं नाव. चौदाव्या शतकातच त्याचा अर्थ ‘कुणीही साधा गडी’ असा झालेला होता. पुढं, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जे जे अवजार गड्याचं काम करील त्याला जॅक म्हणू लागले. विस्तवावर मांसाची सळई फिरवायला पूर्वी पोऱ्या बसवायचे. पोऱ्याच्या जागी चक्रं आली, त्यांचं नाव जॅक. पायातला बूट ओढून काढायला नोकर लागायचा. त्याच्या जागी खाचेची फळी आली, तीही जॅक. आणि १७०३ च्या सुमारास ओझं खालून वर रेटणारं यंत्रही जॅक झालं.

म्हणजे इंग्रजानं गाडीखाली गडी उभा केला, आमच्या शेतकऱ्यानं शिपाई. दोघांनी एकमेकांना विचारलेलं नाही.

यावर एक प्रतिपक्ष आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. काहींचं म्हणणं, जॅक म्हणजे जॅकॲस, गाढव. ओझं वाहणारं जनावर, ओझं उचलणारं यंत्र, हिशेब जुळतो. पण तारखा जुळत नाहीत. ‘जॅकॲस’ हा जोडशब्द १७२७ च्या आसपास दिसतो, ओझ्याचा जॅक त्याच्या आधीचा. शिवाय त्या गाढवाला ‘जॅक’ हे नाव माणसाचंच दिलेलं. गाढवाची बाजू इथंच बसते.

निदान इंग्रजीत. कारण इंग्रजीच्या कुंपणाबाहेर पाहिलं तर गाडीखाली सगळं पांजरपोळ भरलेलं आहे. स्पॅनिश लोक जॅकला ‘गातो’ म्हणतात, म्हणजे मांजर. पोर्तुगीजांकडं ‘मकाकु’, माकड. जर्मनांकडं गाडी ठोकळ्यावर चढवण्याच्या क्रियापदातच बोकड बसलाय. इटालियन माणूस मोटरसायकलच्या स्टँडला ‘काव्हालेत्तो’ म्हणतो, स्पॅनिश माणूस ‘काबाय्येते’. दोन्हींचा अर्थ छोटा घोडा. फार लांब कशाला, गुजराती माणूस सायकल लावताना घोडी चढवतो. आणि आपल्या सोलापूर रस्त्यावरच्या ट्रक गॅरेजमध्ये जॅकनं ट्रक उचलला की आधी ॲक्सलखाली घोडी सारतात, मगच माणूस खाली सरकतो. जॅक उचलतो, घोडी धरते. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्याला तिथले मिस्त्री शिव्या घालतात, आणि बरोबर करतात.

ही घोडी गॅरेजात जन्मलेली नाही. मिरजेला तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानात भोपळ्यावर जी बसते आणि तारा अंगावर घेऊन उभी राहते, तीही घोडीच. फारसीत त्याच वस्तूला ‘खरक’ म्हणतात, म्हणजे छोटं गाढव. फ्रेंच व्हायोलिनच्या तारांखाली ‘शव्हाले’, पुन्हा घोडा. चित्रकाराच्या तिपाईला इंग्रजीत ‘ईझल’ म्हणतात, तो डच ‘एझल’, गाढव. कॅनव्हास असो, तार असो, ट्रक असो, आडवं ओझं अंगावर घेऊन जे उभं राहतं ते जनावर.

मग शिपाई माणूस का?

माझं म्हणणं पायांवर आहे. एकापेक्षा जास्त पाय असले की लोकांना जनावर दिसतं, एकच सरळ खांब असला की माणूस. तंबोऱ्याची घोडी, सुताराची घोडी, ॲक्सलखालची घोडी, चित्रकाराचं गाढव, सगळ्यांना पाय फुटलेले. शिपाई एकुलता एक, ताठ. स्क्रूचा जुना जॅकही तसाच, एक खांब. या हिशेबानं मोटरसायकलच्या दोन स्टँडची कुळं वेगळी निघतात: डबल स्टँड घोडीच्या घराण्यातला, साइड स्टँड शिपायाच्या.

माझ्या एका गुजराती मित्राला हे ऐकवलं. त्यानं एका वाक्यात सुरुंग लावला: त्यांच्याकडं लंगड्याची कुबडीही घोडीच, आणि तिला पाय एकच. मी म्हटलं, कुबडी वर काखेत दोन फाट्यांची असते, उलटी धर. तो हसला. मांजर आणि माकडही माझ्या हिशेबात बसत नाहीत हे त्याला मी सांगितलं नाही. पण मांजर पाठ वर काढतं आणि माकड वर चढतं. ती नावं उभं राहण्याची नव्हेत, वर जाण्याची आहेत. तेव्हा मोजणी वेगळी.

शिपाई शब्दातच आणखी एक पेच आहे. ‘सिपाह’ म्हणजे फारसीत सैन्य, त्यातला तो सिपाही. मराठीत तो लढणाराही झाला आणि कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसणाराही. गाडीखाली यातला कोणता आला? ताठ उभा राहतो म्हणून लढणारा, हे चटकन सुचतं. मला ते पटत नाही. लढणारा शिपाई चालून जातो. हा फक्त गाडी थांबल्यावर उभा राहतो, धनी येईपर्यंत हलत नाही, आणि गाडी निघाली की त्याला गुंडाळून ठेवतात. ही चाकरी आहे, लढाई नाही. माझ्या मते सरदाराच्या दाराशी तिष्ठणारा चाकर-शिपाई बघूनच कुण्या गाडीवानानं हे नाव ठेवलं. इंग्रजांनी आपल्या कचेरीतल्या शिपायाला ‘प्यून’ म्हटलं तोही मुळात पोर्तुगीज पायदळातला माणूस. सैनिकाचा चाकर होणं ही जुनीच वाट आहे. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "उभा ऱ्हातो, पगार मागत न्हाई. आणिक काय म्हनायचं त्याला?"

गंमत म्हणजे मराठीत आल्यावर जॅकनं पुन्हा माणसाचा जन्म घेतला. वशिला लावणं म्हणजे जॅक लावणं. जॅक लावून शिपायाची नोकरी मिळवलेले लोक प्रत्येक गावात असतात. एका वाक्यात दोन्ही टेकू.

चाकणला तयार होणाऱ्या अनेक नव्या गाड्यांना डबल स्टँड नसतोच. त्यामुळं हौशी मंडळी ‘पॅडॉक स्टँड’ घेतात: मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बॉबिनसारखे तुकडे बसवायचे, त्यांत स्टँडचे आकडे अडकवायचे, लांब दांडी दाबली की मागचं चाक अलगद वर. उत्तम वस्तू आहे. आणि पॅडॉक म्हणजे काय? शर्यतीच्या मैदानावर घोड्यांना खोगीर घालून फिरवण्याची आखलेली जागा. घोड्यांच्या शर्यतीतून तो शब्द मोटारींच्या शर्यतीत गेला, तिथून स्टँडवर चढला. चाकं लावली, इंजिन लावलं, तरी घोडी सुटली नाही.

तो स्टँड मी अजून घेतलेला नाही. जूनमध्ये तुकोबांची पालखी आली, काळभैरवनाथाच्या देवळात मुक्काम पडला, गावभर पिठलं-भाकरी चालली होती. त्याच दिवशी माझी चेन सैल होऊन वाजायला लागली. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडं गाडी नेली. त्याची एकुलती घोडी एका जीपखाली अडकलेली. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि टायरच्या ढिगावर बसून भाकरी खाणाऱ्या पोऱ्याला हाक मारली, "ये रं, मागनं धर." पोऱ्यानं भाकरी टायरवर ठेवली, पिठल्याचा हात पँटला पुसला, सीटखालचा दांडा धरून गाडी स्वतःकडं कलवली आणि चाक वर उचलून उभा राहिला. मिस्त्री नट फिरवत होता, चेन ताणून बघत होता, पुन्हा फिरवत होता. पोऱ्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत भाकरीकडं बघत राहिला.